एबल टास्मन उद्यानातला एक दिवस: सकाळी होडी, दुपारी पायवाट (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी न्यूझीलंडमध्ये नेल्सनजवळ राहते. दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, ऑकलंडहून, कधी सिडनीहून मराठी मंडळी एबल टास्मन बघायला येतात. त्यांच्याबरोबर दिवसभर सोबत म्हणून मी जाते. होडीची आणि पाण्यावरची सगळी जबाबदारी परवानाधारक स्थानिक गाईडकडे असते. मी भाषा, डबा आणि धीर या तीन गोष्टी सांभाळते. येण्याआधी फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. आई-बाबांना घेऊन येणार असाल तर त्यांनाही वाचायला द्या.

हे उद्यान नेमकं कुठे आहे?

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या अगदी उत्तर टोकाला. 1942 साली स्थापन झालेलं हे राष्ट्रीय उद्यान सुमारे 237 चौरस किलोमीटरचं, म्हणजे देशातल्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये सगळ्यात लहान. एका बाजूला डोंगर आणि दाट जंगल, दुसऱ्या बाजूला एकामागून एक सोनेरी पुळणी, आणि त्यांना जोडणारी 60 किलोमीटरची किनाऱ्याची पायवाट. ती पूर्ण चालायला तीन ते पाच दिवस लागतात. आपण एका दिवसात तिचा दक्षिणेकडचा एक तुकडा बघतो, थोडा पाण्यावरून आणि थोडा पायी.

ऑकलंडहून नेल्सनला विमानाने साधारण दीड तास. तिथून गाडीने मोटुएका गावावरून माराहाउ या छोट्या वस्तीपर्यंत सव्वा ते दीड तास. माराहाउला रस्ता संपतो आणि उद्यान सुरू होतं.

माझा आग्रह एकच: आदल्या रात्री मोटुएकाला किंवा माराहाउलाच मुक्काम करा. सकाळच्या विमानाने उतरून त्याच दिवशी होडीत बसायचा बेत आखणारे लोक दिवसभर घड्याळाकडे बघत राहतात, आणि इथला दिवस तसा घालवायचा नाही.

दिवसाचा क्रम कसा असतो?

सकाळी आठच्या सुमाराला माराहाउच्या किनाऱ्यावर जमायचं. गाईड सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावतात, बंद स्वतः ओढून तपासतात, आणि वाळूवर ठेवलेल्या होडीतच बसवून वल्हं कसं धरायचं ते शिकवतात. अर्धा-पाऊण तास यात जातो. घाई करू नका, हाच वेळ पुढे उपयोगी पडतो.

मग पाण्यात. टिनलाइन बे आणि ॲपल ट्री बे यांच्या समोरून, किनारा डाव्या हाताला ठेवून आपण उत्तरेकडे जातो. उजवीकडे आधी फिशरमन बेट लागतं, मग मोठं एडेल बेट. वारा नसेल तर होड्या थेट अँकरेजच्या पुळणीपर्यंत नेतात. वारा उठायची चिन्हं दिसली तर गाईड अलीकडच्याच एखाद्या छोट्या किनाऱ्यावर होड्या लावतात आणि उरलेलं अंतर जंगलातून चालत जायचं. हा निर्णय गाईडचा असतो आणि त्यावर वाद घालायचा नाही.

अँकरेजला डबा खायचा, हवं तर समुद्रात डुंबायचं. दुपारी तिथून टोरंट बेमार्गे बार्क बेपर्यंत पायवाट. बार्क बेवरून वॉटर टॅक्सी, म्हणजे प्रवासी मोटरबोट, संध्याकाळी माराहाउला परत आणते.

होडी सकाळी आणि चालणं दुपारी, हे मुद्दाम आहे. उन्हाळ्यातल्या तापलेल्या दिवशी दुपारी समुद्रावरून वारा वाहू लागतो आणि पाणी खडबडीत होतं. सकाळी तेच पाणी बहुधा शांत असतं.

परतीची बोट ट्रॅक्टरवर असते, हे खरं आहे का?

खरं आहे, आणि लहान मुलांना दिवसभरातलं हेच सगळ्यात जास्त लक्षात राहतं. माराहाउचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला पाणी खूप लांब आत जातं. म्हणून बोट ट्रेलरवर असते, ट्रेलर ट्रॅक्टरला जोडलेला असतो. तुम्ही गावातच, रस्त्याकडेला शिडी चढून बोटीत बसता. ट्रॅक्टर तुम्हाला बोटीसकट रस्त्यावरून, मग वाळूवरून, मग थेट पाण्यात नेतो आणि बोट तरंगायला लागली की बाजूला होतो. परतताना हेच उलट.

भरती-ओहोटीचा इतका बाऊ का करता?

कारण इथला दिवस घड्याळावर चालत नाही, समुद्रावर चालतो. बुकिंग कधीचं मिळतंय हे बघण्याआधी भरतीचा तक्ता बघावा, असं मी प्रत्येकाला सांगते.

टास्मनच्या उपसागरात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार मीटरहून जास्त फरक पडतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा सगळ्यात कमी चढउतार, हे इथेही तसंच. मात्र आपल्याकडे जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशेब इथे लागू पडत नाही. इथला छापील तक्ताच बघायचा. आणि एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: न्यूझीलंडमध्ये सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळं तासभर पुढे असतात. काही तक्त्यांत हा तास धरलेला असतो, काहींत नसतो. तक्त्याखालची ओळ वाचल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

याचा आपल्या दिवसावर परिणाम कसा होतो? अँकरेजहून पुढे निघालं की टोरंट बेची खाडी लागते. ओहोटीच्या आधी दोन तास ते नंतर दोन तास या वेळात ती सरळ चालत पार करता येते. पायाखाली घट्ट, लाटांच्या वळ्या उमटलेली वाळू, मधूनच घोट्याएवढं पाणी. तसं गेलं तर अँकरेज ते बार्क बे 8.4 किलोमीटर होतं. पाणी भरलेलं असेल तर खाडीला वळसा घालून जंगलातून जावं लागतं आणि अंतर 11.5 किलोमीटर होतं. कागदावर हा फरक तीन किलोमीटरचा. दुपारी, जेवणानंतर, सकाळभर वल्हवून दुखऱ्या झालेल्या खांद्यांवर पिशवी घेऊन तो बराच मोठा वाटतो.

मी इथे नवीन होते तेव्हाची गोष्ट. आम्ही चौघं अँकरेजला जरा जास्तच रेंगाळलो आणि खाडीच्या काठावर पोचलो तेव्हा दोन तासांची मर्यादा उलटून पाऊण तास झाला होता. समोरचा काठ स्पष्ट दिसत होता, पाणी शांत होतं, म्हणून आम्ही उतरलो. मध्यावर पाणी गुडघ्याच्या वर आलं, आणि खालची वाळू तळव्याखालून सरकतेय हे जाणवायला लागलं. पाणी एका दिशेने येत नव्हतं. मागच्या ओहळातूनही भरत होतं. आम्ही मागे फिरलो आणि लांबच्या वाटेने गेलो. परतीची बोट चुकली नाही, पण शेवटचा तासभर कोणी कोणाशी बोललं नाही. तेव्हापासून मी दोन तासांची मर्यादा पाच मिनिटांनीही ताणत नाही.

दुपारी भरती असणार असेल तर आम्ही बार्क बेचा हट्ट धरत नाही. मग वळशाच्या वाटेवरून क्लिओपात्राच्या डोहापर्यंत जातो. मुख्य वाटेपासून दहा मिनिटं आत, ग्रॅनाइटच्या गुळगुळीत शिळांमधून ओढा उतरतो आणि एका शिळेवरून मुलं घसरगुंडीसारखी थेट डोहात पडतात. पाणी भर उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. तिथून टोरंट बेला येऊन बोट पकडायची. खरं सांगायचं तर काही लोकांना हा बेत जास्त आवडतो.

पोहता येत नाही. तरी चालेल का?

हा प्रश्न दहातले आठ जण विचारतात, आणि बरेच जण आवाज खाली करून. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्या पिढ्यांमध्ये विहिरीत किंवा नदीत पोहायला शिकलेले भाग्यवान सोडले तर बाकीच्यांना संधीच मिळाली नाही.

चालेल. लाइफ जॅकेट पूर्ण वेळ अंगावर असतं आणि ते शुद्ध हरपलेल्या माणसाचंही तोंड पाण्याबाहेर ठेवतं असं समजू नका, पण शुद्धीवरच्या माणसाचं डोकं पाण्याबाहेर ठेवायला पुरेसं असतं. आपल्या होड्या, म्हणजे समुद्रावरच्या दोन माणसांच्या कयाक, रुंद आणि स्थिर असतात. नदीच्या धबधब्यांत उलट्यापालट्या होणाऱ्या चिंचोळ्या होड्या व्हिडिओत दिसतात, त्या या नव्हेत. गाईड पूर्ण वेळ हाकेच्या अंतरावर असतात.

पण दोन अटी आहेत. एक, पोहता येत नाही हे सकाळीच गाईडला स्पष्ट सांगा. ते तुम्हाला अनुभवी माणसाबरोबर बसवतील आणि होडी उलटलीच तर बाहेर कसं यायचं ते आणखी एकदा करून दाखवतील. दोन, पाण्याची खरोखर दहशत असेल, म्हणजे नुसत्या विचाराने छातीत धडधडत असेल, तर होडी सोडून द्या. वॉटर टॅक्सीने अँकरेजला या, आम्ही तिथे भेटू. होडीतून आलेला आणि बोटीतून आलेला, दोघांनाही तीच पुळण दिसते.

कयाक आणि कनू यांत फरक काय?

कयाकमध्ये पाय पुढे पसरून, होडीच्या पोटात बसायचं असतं आणि वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. कमरेभोवती स्प्रे स्कर्ट नावाचं जलरोधक कापड असतं, ते होडीच्या कडेला अडकवलं की पाणी आत येत नाही. मागे बसणाऱ्याच्या पायात सुकाणू असतो: डावा पाय दाबला की डावीकडे, उजवा दाबला की उजवीकडे. म्हणून नवरा-बायकोने मागे कोणी बसायचं हे किनाऱ्यावरच ठरवून घ्यावं.

कनू वरून उघडी असते, बाकावर किंवा गुडघ्यांवर बसायचं आणि एकाच पात्याचं वल्हं. आपल्या कोकणातल्या लहान होडीच्या ती जवळची. याशिवाय इथे वाका असते, म्हणजे माओरींची परंपरागत होडी. दोन लांब सांगाडे शेजारी शेजारी बांधलेल्या वाकात बरेच जण एका तालात वल्हवतात. मोठ्या कुटुंबाने एकत्र जायचं असेल, एखादा सदस्य बिचकत असेल, तर वाका चांगली. कोणी थांबलं तरी बाकीचे नेतात. शिवाय निघण्याआधी कराकिया, म्हणजे प्रार्थना, म्हटली जाते. ती सुरू असताना टोपी काढून शांत उभं राहावं. आपल्याकडे होडी पाण्यात लोटण्याआधी नारळ देतात, त्यामुळे आपल्या लोकांना या क्षणाचं मोल सांगावं लागत नाही.

आई-बाबा साठीच्या पुढचे आहेत. गुडघे दुखतात. त्यांना झेपेल?

वयापेक्षा सवय महत्त्वाची. रोज तासभर चालणारे सत्तरीचे बाबा आरामात येतात, आणि दिवसभर खुर्चीत बसणारा चाळिशीचा मुलगा तिसऱ्या चढाला दम टाकतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

पायवाट चांगली बांधलेली आहे, सह्याद्रीतल्या घसाऱ्याच्या वाटांसारखी नाही. कुठे हात टेकून चढावं लागत नाही. पण ती सपाट मात्र नाही. प्रत्येक पुळणीनंतर वाट टेकडीवर चढते आणि पुढच्या पुळणीला उतरते. गुडघ्यांना उतार जास्त त्रास देतात, तेव्हा काठ्या आणा. टोरंट बे आणि बार्क बेच्या मध्ये फॉल्स नदीवर 47 मीटर लांबीचा झुलता पूल आहे. तो हलतो. उंचीची भीती असणाऱ्यांनी पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघत जावं आणि एका वेळी मोजकीच माणसं पुलावर असावीत.

गुडघ्यांचा खरा प्रश्न वाटेपेक्षा होडीत येतो. कयाकमधून उठताना पाय पसरलेल्या अवस्थेतून, दोन्ही हातांवर भार देऊन उठावं लागतं. ज्यांना जमिनीवर मांडी घालून बसल्यावर आधाराशिवाय उठता येत नाही, त्यांनी गाईडला आधी सांगावं. ते होडी वाळूवर पूर्ण ओढून घेतात आणि दोन्ही बाजूंनी हात देतात.

ज्येष्ठांसाठी मला सगळ्यात आवडणारा बेत असा: बोटीने अँकरेज, तिथून पिट हेडची चक्कर. दीड तासाच्या आत होते, मध्ये टे पुकाटेआ नावाची चंद्रकोरीसारखी पुळण लागते, आणि परत येऊन झाडाच्या सावलीत गप्पा मारत बसायचं. आई-बाबांना इथवर आणून धाप लागेपर्यंत चालवण्यात काही मिळत नाही.

मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार यांतलं काहीही असेल तर औषधं जलरोधक पिशवीत, स्वतःच्या अंगावर. होडीच्या कप्प्यात टाकलेली गोळी भर समुद्रात काढता येत नाही.

लहान मुलं?

कयाकसाठी किमान वयाची अट प्रत्येक चालकाची वेगळी असते, त्यामुळे बुकिंग करतानाच मुलाचं वय आणि उंची सांगा. पायवाटेला अट नाही.

कपडे काय घालायचे? सलवार-कुर्ता चालेल का?

वाटेवर चालेल, होडीत नाही. सैल सलवार किंवा ओढणी पाण्यात भिजली की पायात अडकते. लेगिंग किंवा पटकन वाळणारी अर्धी पँट, वर कृत्रिम धाग्याचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट. जीन्स नको: भिजली की जड होते, वाऱ्यात अंग गारठवते आणि संध्याकाळपर्यंत वाळत नाही. भर जानेवारीतही एक लोकरी किंवा फ्लीसचा कपडा आणि पावसाचं जाकीट हवंच.

पायात होडीसाठी पट्ट्याची सँडल, वाटेसाठी बूट. बूट कप्प्यात राहतात.

उन्हाबद्दल मात्र मी आईसारखी मागे लागते. आपण सावळे, आपल्याला ऊन लागत नाही, हा समज इथे सोडून द्या. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात अतिनील किरणं फार तीव्र असतात, हवा गार असल्यामुळे ते जाणवत नाही, आणि पाण्यावरून परावर्तन होतं ते वेगळंच. कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू आणि पायांचे वरचे भाग या तीन जागा लोक विसरतात. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावायचं.

शाकाहारी जेवण मिळेल का? डबा नेता येईल?

काही सहलींत जेवण असतं आणि आधी सांगितलं तर शाकाहारी मिळतं. जैन जेवणाची खात्री मी देणार नाही. माझं मत विचाराल तर डबाच न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, कोरडी चटणी, उकडलेले बटाटे, शेंगदाण्याचे लाडू, सोबत मोटुएकाच्या बागांमधली सफरचंदं. होडीत पाझरणारं काही नको. लोणच्याची बाटली एकदा कप्प्यात फुटली होती, त्या होडीला आठवडाभर कैरीचा वास येत होता.

अँकरेजला जेवताना वेका येईल. कोंबडीएवढा, तपकिरी, उडता न येणारा पक्षी. तो दबकत येतो, तुमच्याकडे बघत नाही असं दाखवतो आणि क्षणात लाडवाची अख्खी पिशवी उचलून झुडपात पळतो. त्याला काही खायला घालू नका, कितीही गोड वाटला तरी. पिशवीची चेन बंद ठेवा.

उद्यानात कचऱ्याचे डबे नाहीत. जे आणलं ते सगळं परत न्यायचं, सालंसुद्धा. आपल्याकडे साल झाडीत टाकणं म्हणजे मातीला परत देणं असं आपण मानतो. इथे ती साल उंदरांना बोलावते, आणि उंदीर पक्ष्यांची अंडी खातात.

भारतातून खाऊ आणला तर विमानतळावर अडवतात का?

अडवत नाहीत, पण सगळं जाहीर करावं लागतं. फॉर्मवर खाद्यपदार्थांपुढे "हो" लिहा आणि अधिकाऱ्याला दाखवा. जाहीर न केलेली एखादी वस्तू सापडली तर जागच्या जागी 400 न्यूझीलंड डॉलर दंड होऊ शकतो. मध, दुधाची मिठाई, ताजी फळं आणि बिया आणूच नका. ट्रेकिंगचे बूटही जाहीर करायचे असतात. ते घासून, तळव्यातली माती काढून आणा. सह्याद्रीचा चिखल लागलेले बूट अधिकारी बाजूला घेऊन धुतात, आणि त्यांचं बरोबर आहे. एका चिमूटभर मातीतून आलेल्या रोगाने इथली जंगलं मरू शकतात.

साप, जळवा, जंगली प्राणी?

न्यूझीलंडच्या जंगलात साप नाहीत. हिंस्र श्वापदही नाही.

त्रास देणारे दोनच. सँडफ्लाय म्हणजे चिलटाएवढी काळी माशी. चावते तेव्हा फारसं कळत नाही, रात्री खाज सुटते. किनाऱ्यावर थांबलात की येते, चालायला लागलात की मागे पडते. घोट्यांना मलम लावा. दुसरी गांधीलमाशी, विशेषतः फेब्रुवारी ते एप्रिल. तिची ॲलर्जी असेल तर औषधाशिवाय येऊ नका.

प्राणी-पक्षी काय दिसतात?

एडेल बेटाजवळ पोचलो की गाईड सगळ्यांना वल्ही आडवी ठेवायला सांगतात. होड्या आपोआप तरंगत राहतात. त्या बेटावर उंदीर नाहीत, मुंगसासारखा दिसणारा स्टोट नाही, म्हणून तिथे पक्षी टिकलेत, आणि त्यांचा आवाज पाण्यावरून येतो. कोरिमाको म्हणजे बेलबर्ड, त्याचा स्वर काचेच्या ग्लासावर चमचा हलकेच वाजवावा तसा. एकाने सुरू केलं की झाडीतून दुसरा उत्तर देतो. ही पाच मिनिटं कोणी बोलत नाही. शिट्टी मारून त्यांना उत्तर देऊ नका, एवढीच विनंती.

उथळ पाण्यात होडीखालून पाकट जाते, पंख फडफडवल्यासारखी. वरून गॅनेट नावाचे समुद्रपक्षी सूर मारतात. वाटेवर पीवाकावाका नावाचा पंख्यासारख्या शेपटीचा चिमुकला पक्षी तुमच्या मागे मागे येतो. तो तुमच्यासाठी येत नाही, तुमच्या पावलांनी उडणाऱ्या किड्यांसाठी येतो.

आणि वाटेवर काळ्या बुंध्याच्या झाडांपाशी थांबा. हे ब्लॅक बीच. साल जळल्यासारखी दिसते, ती काजळी बुरशी. जवळ जाऊन उन्हाच्या विरुद्ध बाजूने बघितलंत तर सालीतून केसासारखे पांढरे धागे बाहेर आलेले दिसतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक पारदर्शक थेंब. सालीत राहणारा बारीक कीटक झाडाचा रस पितो आणि जास्तीची साखर अशी बाहेर टाकतो. टुई आणि बेलबर्ड हा थेंब पितात. बाहेरून आलेल्या गांधीलमाश्या तोच थेंब पळवतात, म्हणून त्यांचा इथे एवढा राग. दिवसभरात शंभर झाडांजवळून जाल, पण एका झाडापाशी दोन मिनिटं वाकून बघा.

सील बघायचे असतील तर ते टोंगा बेटाजवळ, बरंच उत्तरेला. माराहाउहून वल्हवत निघालेल्या एका दिवसाच्या सहलीत ते बेट येत नाही. त्यासाठी बोटीने पुढे जाऊन तिथून होडी घ्यावी लागते. टोंगा बेटाभोवती 1993 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे मासेमारी पूर्ण बंद.

वाटेकडेला लाकडी पेट्या दिसतात, त्या काय आहेत?

सापळे. हात लावू नका, मुलांनाही सांगा. माणसाबरोबर आलेल्या उंदीर, स्टोट, पॉसम यांनी इथले जमिनीवर घरटी करणारे पक्षी संपवत आणले होते. 2012 पासून प्रोजेक्ट जान्सझून नावाने मोठं काम सुरू आहे. उद्यानाला 100 वर्षं होतील त्या 2042 सालापर्यंत जंगल पुन्हा पक्ष्यांनी भरायचं, असा त्यांचा संकल्प आहे.

वाळू इतकी सोनेरी कशी?

इथला खडक ग्रॅनाइट. तो झिजला की त्यातला क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार सुटा होतो आणि लोहाच्या अंशाने त्यावर पिवळसर-केशरी झाक चढते. मूठभर वाळू ओल्या तळव्यावर घेऊन बघा, दाणे आपल्याकडच्या वाळूपेक्षा जाड आणि कोनदार असतात. दक्षिणेला कायटेरीटेरीजवळ समुद्रात याच ग्रॅनाइटचा दुभंगलेला गोल खडक आहे, टोकांगाफा. दोन देव त्याच्यासाठी भांडले आणि तो फुटला, अशी माओरी कथा आहे.

टास्मन कोण? आणि हा किनारा कोणाचा?

एबल टास्मन हा डच दर्यावर्दी. डिसेंबर 1642 मध्ये त्याची दोन जहाजं जवळच्याच उपसागरात आली. तिथे राहणाऱ्या न्गाटी टुमाटाकोकिरी या माओरी लोकांशी चकमक झाली, त्याची चार माणसं मारली गेली, आणि तो न उतरताच निघून गेला. ज्या माणसाने या मातीवर पाय ठेवला नाही त्याचं नाव उद्यानाला आहे. त्या भेटीला 300 वर्षं झाली म्हणून 1942 साली उद्यान झालं. त्यासाठी पेरिन मॉनक्रिफ या पक्षी-अभ्यासक बाईंनी चिकाटीने पाठपुरावा केला. एडेल बेटाला नाव दिलं ते फ्रेंच दर्यावर्दी द्यूमों द्यूरव्हीलने, 1827 साली, आपल्या बायकोचं.

त्याआधी शेकडो वर्षं इथे माओरी वस्ती होती, आणि टे आटिआवा, न्गाटी रारुआ, न्गाटी टामा या कुळांचं या किनाऱ्याशी नातं आजही जिवंत आहे. स्थळांची माओरी नावं नीट उच्चारा. मराठी माणसाला ते सोपं जातं, कारण त्यांचे ऱ्हस्व-दीर्घ स्वर आपल्या कानाला ओळखीचे वाटतात.

आणि 2016 सालची गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. उत्तरेकडच्या आवारोआ खाडीजवळची एक पुळण खासगी मालकीची होती आणि विकायला निघाली. सुमारे 40,000 लोकांनी इंटरनेटवर वर्गणी काढून 20 लाख डॉलरहून जास्त रक्कम उभी केली, सरकारनेही थोडी भर घातली, पुळण विकत घेतली आणि उद्यानाला देऊन टाकली. आपल्या कोकणात किनाऱ्याला लागून कुंपणं वाढताना बघितलेल्या माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च माझ्या आवडीचे: समुद्र तापलेला, शाळा सुरू झालेल्या, गर्दी कमी. नाताळ ते जानेवारीअखेर इथल्या सुट्ट्या असतात. तेव्हाच यायचं असेल तर काही महिने आधी बुकिंग करा.

पाऊस आला तर?

हलक्या पावसात सहल होते. वारा मात्र सहल रद्द करतो. आदल्या संध्याकाळी चालकाचा निरोप येतो. म्हणून एबल टास्मनसाठी दोन दिवस हातात ठेवा.

स्वच्छतागृह, पाणी, मोबाइल?

स्वच्छतागृहं मुक्कामाच्या जागांवर आहेत, अँकरेज आणि बार्क बे दोन्हीकडे. होडीत बसण्याआधी जाऊनच या. प्रत्येकी दोन लिटर पाणी न्या. ओढ्याचं पाणी न उकळता पिऊ नका. मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. आणीबाणीचा क्रमांक 111, पण रेंज नसताना उपयोग गाईडच्या रेडिओचा. ड्रोनला परवानगी लागते, तेव्हा तो घरीच राहू द्या.

परतीची बोट चुकली तर?

बोटीच्या चालकाकडे प्रवाशांची यादी असते आणि नाव लागलेला माणूस दिसला नाही तर ते विचारपूस करतात. पण पुढच्या किनाऱ्यांवरही लोक वाट बघत असतात, आणि ओहोटी लागली की बोटीलाही थांबता येत नाही. म्हणून बार्क बेला आपण ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचतो. तिथे बूट काढायचे, पाय पाण्यात सोडायचे. बोट पुळणीला नाक लावते, चालक शिडी टाकतो, आणि गुडघाभर पाण्यातून चढावं लागतं. बूट हातात घेऊनच चढा.